मैत्रीचा पुरावा

नात्यांची मोजदाद करणे हा आमच्या व्यवसायाचा नित्याचा भाग आहे. वारसाचा दाखला असो, वाटणीचा दावा असो की साधे मृत्युपत्र असो, पक्षकार समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला: तुमचे त्यांचे नाते काय? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याला जे परिशिष्ट जोडलेले आहे, त्यात मुलगा, मुलगी, विधवा, आई येथपासून भावाची विधवा, मामा, मावशी येथपर्यंत आप्तेष्टांची वर्गवार यादी आहे. ज्यांची तोंडे आयुष्यात दोनदाच पाहिली असतील अशांनाही तीत जागा आहे. मैत्रिणीला मात्र नाही. ह्याबद्दल कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही. जे नाते जन्माने येत नाही, संस्काराने जुळत नाही आणि दस्तऐवजाने ठरत नाही, त्याची नोंद त्याने करावी तरी कोणत्या रकान्यात?

तरीसुद्धा आपण कोणामुळे असे घडलो, ह्याचा विचार एखादी प्रौढ स्त्री निवांतपणी करू लागली, तर आईवडिलांच्या खालोखाल तिला बहुधा लहानपणची एखादी मैत्रीणच आठवते. मुलांची मैत्री मैदानावर वाढते, तिला सवंगड्यांचा घोळका लागतो. मुलींची मैत्री पुष्कळदा दोघींचीच असते. तिसरीला तेथे प्रवेश नसतो. ही मैत्री जितकी गोड तितकीच मनाचा कब्जा घेणारी असते आणि वडीलधाऱ्यांचे तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. 'दोघी एकत्र आहेत ना, मग बरे आहे,' एवढ्यावर घरचे समाधान मानतात. आम्ही आज ह्या विषयावर लिहीत आहो, ते काही ऐकीव माहितीच्या आधारे नव्हे.

ह्या पानावर आम्ही स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा करतो, तो लेखनाचा शिरस्ता म्हणून. परंतु वयाच्या सातव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत हे सर्वनाम आमच्या बाबतीत अक्षरशः खरे होते.

आमचे घराणे मूळचे गोव्याचे. वडील सरकारी नोकरीनिमित्त दादरा व नगरहवेलीत आले आणि सिल्वाशास स्थायिक झाले. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराचे सिल्वासा म्हणजे धड खेडे नव्हे आणि धड शहरही नव्हे. एका बाजूस दमणगंगा, दुसऱ्या बाजूस सागाची झाडी. वारली, कोकणा, धोडिया लोकांचे पाडे अगदी गावाच्या वेशीपर्यंत आलेले. पावसाळा संपला की रात्री दुरून तारप्याचा आवाज येई. कारखान्यांची रांग नुकतीच सुरू झाली होती आणि वापी स्टेशनाहून येणाऱ्या रस्त्यावर मालमोटारी वाढू लागल्या होत्या. बाजारात गुजराती, शाळेत मराठी, घरात कोंकणी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो.

शेजारच्या बिऱ्हाडात एक मराठी कुटुंब होते. त्यांची मुलगी आमच्याच वयाची. ती सात वर्षांची असताना तिची आई वारली. वडील कारखान्यात पाळीवर जात. रात्रपाळी असली की मुलगी आमच्याकडे झोपावयास येई; हळूहळू दिवसपाळीलाही येऊ लागली. आमच्या आजीने तिचे ताट मांडावयास कधी प्रारंभ केला, हे घरात कोणाला सांगता आले नसते.

त्यानंतरची नऊ वर्षे आम्ही दोघी एकमेकींवाचून राहिलो नाही. शाळेत एकच डबा, पावसात एकच छत्री. तिचे अक्षर आमच्यासारखे वळू लागले, की आमचे तिच्यासारखे, हे शिक्षकांनाही कळेना. एकीला ताप आला की दुसरी शाळेत जात नसे. एकीला बक्षीस मिळाले की दुसरी रुसत नसे, उलट आपल्यालाच मिळाल्यासारखी मिरवत असे. वरवर पाहता ही स्थिती फार सुंदर दिसे. परंतु तिची एक दुसरी बाजू होती. ती आम्हांला विचारल्याशिवाय वेणीला कोणती रिबीन बांधावी हेही ठरवीत नसे. आणि ती विचारावयास आली नाही, तर आम्हांस चैन पडत नसे. तिला आधार हवा होता हे सर्वांना दिसत होते. आधार देण्याची आम्हांस सवय जडली होती, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. वेल झाडाला बिलगते हे सारे पाहतात. झाडही वेलीच्या भाराने एका अंगास कलते, हे पाहावयास जरा थांबावे लागते.

आमची आजी तेवढी थांबणारी होती. दोघींपैकी एकटी कोणी स्वयंपाकघराच्या दारात दिसली की ती चुलीपुढून मान वर न करता विचारी, "दुसरी खंय आसा गो?" आम्ही ह्या प्रश्नाला हसत असू. आजी मात्र हसत नसे.

सातवीच्या वर्षी शाळेने, ती शाळा कोणती हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, आम्हां दोघींना निरनिराळ्या तुकड्यांत बसविले. हेतू चांगलाच असणार. परंतु त्याविषयी ना आम्हांला काही सांगितले, ना घरी. एका सकाळी हजेरीपटावरून एक नाव वगळले, इतकेच. माझी सखी त्या दिवसापासून वर्गात बोलेनाशी झाली. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही ती खाली पाहत उभी राही. घरी जेवण टाकू लागली. तीन आठवड्यांत तिचे फ्रॉक अंगावर लोंबू लागले. आम्हीही काही फार शहाण्या नव्हतो. मधल्या सुट्टीत तिच्या वर्गाच्या खिडकीखाली जाऊन बसण्याखेरीज आम्हांला दुसरे काही सुचत नसे. अखेर शाळेने आपला निर्णय फिरविला आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. सुटका कोणाचीच झाली नव्हती.

अशा मैत्रीची वडीलधाऱ्यांना एकदा भीती वाटू लागली, की ती अनाठायी असते असेही म्हणवत नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमात असताना आम्ही न्यूझीलंडमधील एका खटल्याची हकीकत वाचली. क्राइस्टचर्च ह्या शहरी पॉलीन पार्कर आणि ज्युलिएट ह्यूम ह्या दोन शाळकरी मैत्रिणी होत्या. एक सोळा वर्षांची, दुसरी पंधरा. दोघींनी मिळून आपले एक काल्पनिक जगच रचले होते. ज्युलिएटला दक्षिण आफ्रिकेत पाठविण्याचे ठरले, पॉलीनला तिच्याबरोबर जाण्यास परवानगी मिळेना, आणि २२ जून १९५४ रोजी दोघींनी पॉलीनच्या आईचा जीव घेतला. ज्या महिन्यात तिकडे हे घडत होते, त्याच्या पुढच्याच महिन्यात इकडे दादऱ्याच्या मुक्तीचा लढा उभा राहिला, म्हणून ते वर्ष आमच्या स्मरणात पक्के बसले आहे. दोघींचे मन एकाच वेडाने ग्रासले होते, असा बचाव वकिलांनी केला. न्यायालयाने तो मानला नाही. वय लहान म्हणून फाशी टळली, आणि १९५९ साली दोघी सुटल्या. ज्युलिएट पुढे अ‍ॅन पेरी ह्या नावाने गुन्हेकथा लिहिणारी प्रसिद्ध लेखिका झाली व २०२३ साली वारली. ह्या हकीकतीवरून मैत्रीलाच दोषी धरणे हा अविचार होईल. लाखो मुली अशाच जीवलग मैत्रीत वाढतात आणि कोणाला ओरखडाही काढीत नाहीत. परंतु ज्या घराला एकच दार आहे आणि तेही आतून बंद आहे, त्या घरात हवा कोंडते, एवढे मात्र तीवरून निश्चित कळते.

आजीने हा खटला वाचला नव्हता. तिने हरतालिकेची कथा ऐकली होती. भाद्रपद शुद्ध तृतीयेला घरोघर हे व्रत होते. आमच्याकडे आम्ही दोघी ते मिळूनच करीत असू. वाचकांस हे सांगावयास नको की पूजेत शिवलिंगाबरोबर पार्वतीची मूर्ती असते आणि तिच्याशेजारी तिच्या सखीचीही असते. हिमालयाने नारदाच्या सांगण्यावरून पार्वती विष्णूला देण्याचे ठरविले, तेव्हा तिच्या मनातले जाणणाऱ्या सखीने तिला उचलून अरण्यात नेले. 'आलि' म्हणजे सखी. तिने हरण केलेली ती हरतालिका. ज्या व्रताचे नावच मुळी मैत्रिणीच्या एका कृत्यावरून पडले आहे, असे दुसरे व्रत आमच्या माहितीत नाही.

आम्ही तेरा वर्षांच्या असताना पूजा आटोपल्यावर आजीने आम्हांला एक प्रश्न केला. सखीने पार्वतीला रानात नेले. पुढे तप कोणी केले? पार्वतीने, असे आम्ही म्हणालो. वाळूचे लिंग कोणी केले? पार्वतीने. मग सखी काय करीत होती? आम्हां दोघींनाही उत्तर देता येईना. आजी म्हणाली, ती बाजूला उभी राहिली. तिथवर न्यायचे तिचे काम, त्यापुढचे ज्याचे त्याने करावयाचे. म्हणून ती देवघरात आहे.

दुसऱ्या दिवसापासून आजीने आमचा दिनक्रम बदलला. तिने आम्हांला तोडले नाही. संध्याकाळचे दोन तास मात्र तिने वाटून दिले. आमच्या सखीचा आवाज चांगला, म्हणून तिला ओळीतल्या एका वृद्ध बाईंकडे भजने शिकावयास धाडले. आम्हांला वडिलांच्या एका स्नेह्यांकडे पुस्तके वाचावयास. अट एकच होती. रात्री जेवताना प्रत्येकीने दुसरीला ठाऊक नसलेले असे काहीतरी सांगावयाचे. पहिल्या दिवशी सखी रडत गेली आणि रडत परतली. पंधरवड्यानंतर ती एक अभंग घेऊन आली, जो आम्ही पूर्वी ऐकलेला नव्हता. त्या रात्री आम्हांला प्रथमच तिचा हेवा वाटला, आणि आज विचार करता वाटते, की खऱ्या अर्थाने तिची ओळखही त्याच रात्री झाली. जी आपल्याहून वेगळी नाही, तिची ओळख व्हावी कशी?

पुढे महाभारतात देवयानी-शर्मिष्ठेचे आख्यान वाचले, तेव्हा आजीला कशाचे भय वाटत होते त्याचा उलगडा झाला. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) मुळे ह्या दोघी मराठी वाचकांच्या घरच्याच झाल्या आहेत. परंतु आपण त्यांच्याकडे पाहतो ते ययातीच्या दोन स्त्रिया म्हणून. आधी त्या मैत्रिणी होत्या, हे आपण विसरतो. एक दैत्यगुरू शुक्राचार्यांची मुलगी, दुसरी राजा वृषपर्व्याची. जलक्रीडेला दोघी एकत्र जातात. वाऱ्याने वस्त्रांची सरमिसळ होते, एकीचे वस्त्र दुसरी नेसते, आणि तेवढ्यावरून शब्दाला शब्द वाढून देवयानी विहिरीत ढकलली जाते. त्याचे प्रायश्चित्त म्हणून देवयानी काय मागते? शर्मिष्ठेने दुरावावे असे ती म्हणत नाही. ती तिला दासी म्हणून मागते, आणि वडील मला जेथे देतील तेथे हिने माझ्यामागून यावे अशी अट घालते. ज्या मैत्रिणीने विहिरीत लोटले, तिच्यावाचूनही तिला राहवत नाही. आमच्या मते वस्त्रांची अदलाबदल हेच त्या आख्यानाचे मर्म आहे. कोणते वस्त्र कोणाचे हे ज्या मैत्रीत कळेनासे होते, तिला दासीपणाकडे वळावयास एक वाऱ्याची झुळूक पुरते.

आम्ही बारावीनंतर कायद्याच्या शिक्षणासाठी मुंबईस गेलो. सखीने शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि मराठी शाळेत नोकरी धरली. पहिल्या वर्षी रोज एक पत्र येई, दुसऱ्या वर्षी आठवड्याला. पत्रे विरळ होत गेली तशी लांब व मजेदार होत गेली. तिचे लग्न झाले, आमचे झाले. आम्ही सिल्वाशास परतून वकिली सुरू केली. तिचे यजमान अकाली गेले, मूलबाळ नव्हते. पुन्हा दोघी एका गावात आलो, पण आता दोन घरे होती आणि दोन्ही घरांना आपापली कुलुपे होती.

काही वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे निदान झाले. डायलिसिस सुरू झाले. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला. तिला जवळचे रक्ताचे कोणी उरलेले नव्हते. आमचा रक्तगट जुळत होता. यजमानांशी बोलून आम्ही आमचे एक मूत्रपिंड देण्याचे ठरविले. ठरविण्यास एक रात्रही लागली नाही.

येथे कायद्याशी पुन्हा गाठ पडली. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. पती-पत्नी, मुले, आईवडील, भावंडे ही त्याच्या दृष्टीने निकटची नाती. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा व नातवंडे आली. ह्यांच्याबाहेरच्या कोणाला द्यावयाचे तर प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी हवी. अवयवांच्या बाजारावर हा अंकुश आवश्यकच आहे, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु त्या कलमातील शब्द वाचून आम्ही थबकलो. नातेवाईक नसलेला दाता 'स्नेह किंवा ओढ' ह्या कारणाने देऊ शकतो, असे तेथे म्हटले आहे. वारसाहक्काच्या परिशिष्टात जिला जागा नाही, ती मैत्री कायद्याच्या पुस्तकात ह्या एका आडबाजूच्या दाराने आत आलेली आम्हांस दिसली. २०१४ च्या नियमांप्रमाणे तो स्नेह सिद्ध करावयाचा असतो. दोघांचा संबंध काय, एकत्र राहिल्याचा कागदोपत्री पुरावा काय, दोघांची एकत्र जुनी छायाचित्रे आहेत काय, पैशाची देवघेव नाही ना, दोघांचे तीन वर्षांचे उत्पन्न किती. शिवाय दात्याच्या घरच्या माणसाची मुलाखत. जन्मभर दुसऱ्यांच्या नात्यांचे पुरावे गोळा केलेल्या आम्हांला आता स्वतःच्या मैत्रीचा पुरावा गोळा करावयाचा होता.

तो पुष्कळ निघाला. शाळेचे गट-छायाचित्र, हादग्याचे, हरतालिकेच्या पूजेचे, दोघींच्या लग्नांतले. पत्रांचा एक ट्रंकभर गठ्ठा. आम्ही सारे क्रमवार लावून, अनुक्रमणिका जोडून, तिच्यापुढे ठेवले. ती बराच वेळ छायाचित्रे पाहत होती. मग म्हणाली, "पुरावा भक्कम आहे. पण मला हे नको."

आम्ही कारण विचारले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, लहानपणी माझे असे माझ्यापाशी काहीच नव्हते. जेवण तुझ्या घरचे, आजी तुझी, भीती वाटायची तीसुद्धा तुझ्याकडून उसनी घेतलेली. आजीने मला रडवून भजनाला धाडले, तेव्हा कुठे मी कोणीतरी झाले. आता तुझे मूत्रपिंड घेतले तर मी जगेन. पण कोण म्हणून जगेन ते मला कळत नाही. दुसरी खंय आसा, असे आजीने विचारले तर काय सांगू?"

आम्ही वाद घातला. वकिलाने घालावा तसा, मुद्देसूद आणि अनेक दिवस. कृतज्ञतेचे ओझे वाटू देऊ नये, असे सांगितले. स्नेहात देणेकरी कोणी नसतो, असेही सांगितले. ती म्हणाली, "देणारीला तसे वाटते. घेणारीला विचार." ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. आम्ही तिच्या जागी असतो तर तिच्यासारखे वागलो असतो असे म्हणवत नाही. परंतु शरीर तिचे, आयुष्य तिचे आणि त्याविषयीचा निर्णयही तिचाच. मृत दात्याकडून मूत्रपिंड मिळावे म्हणून तिने रीतसर नाव नोंदविले आहे आणि ती वाट पाहत आहे. आठवड्यातून तीन दिवस तिचे डायलिसिस असते. दोन दिवस आम्ही बरोबर जातो. तिसऱ्या दिवशी ती एकटीच जाते. ही विभागणी तिनेच केलेली आहे.

आम्ही ज्या भूमीत राहतो ती मुळात मैत्रीच्या एका तहातून पोर्तुगीजांकडे गेली होती, ही गोष्ट अलीकडे आमच्या मनात फार घोळते. १७७९ साली पेशवे व पोर्तुगीज ह्यांच्यात तह झाला. त्यान्वये बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना द्यावयाची ठरली आणि १७८३ साली नगरहवेली व १७८५ साली दादरा त्यांच्या हाती पडले. पुढे इंग्रजी अमदानीत ते तेथले धनीच समजले जाऊ लागले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, तेव्हा आपल्या मुलखात जाण्याचा मार्ग मागत पोर्तुगाल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालपत्रात न्यायालयाने त्या जुन्या तहाचा अर्थ लावला, तो असा, की मराठ्यांनी दिले ते महसुलाचे उत्पन्न. सार्वभौमत्व त्यांनी दिलेच नव्हते. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, हा प्रदेश भारतात विलीन झाला.

राज्याराज्यांतील मैत्री आणि माणसांतील मैत्री एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी त्या निकालातला भेद आम्हांला घरगुती व्यवहारातही मोलाचा वाटतो. मैत्रीत उत्पन्न द्यावे. वेळ, अन्न, पैसा, विद्या, प्रसंगी शरीराचा भागसुद्धा द्यावा. स्वत्वावरचे राज्य मात्र देऊ नये, मागू नये, आणि कोणी अजाणतेपणी देऊ केले तरी ते घेऊ नये. गडबड होते ती दिलेले नेमके काय, ह्याची खूण दोघांपैकी कोणी ठेवलेली नसते म्हणून.

आमच्या वाचकांत मुलींच्या आया आहेत, आज्या आहेत. घरातल्या मुलीची अशी एखादी जीवलग मैत्रीण असेल, तर त्यांनी घाबरू नये आणि निष्काळजीही राहू नये. दोघींना एकमेकींपासून हिरावून घेतल्याने ओढ कमी होत नाही, ती चोरटी होते. त्यापेक्षा प्रत्येकीला स्वतःचे असे काही मिळवून द्यावे: एकीला सूर, एकीला पुस्तक, आणि रात्री एकमेकींना सांगण्याजोगी एखादी नवी गोष्ट. ज्या मुलीपाशी स्वतःचे काही आहे तिलाच काही देता येते, आणि वेळ आली तर नाकारताही येते. देवघरात पार्वतीच्या शेजारी मातीची सखी बसवितो, तेव्हा दोन्ही मूर्तींच्या मध्ये एक बोटभर जागा सोडण्याची आमच्याकडे रीत आहे. मूर्ती ओल्या असतात, चिकटल्या तर सोडविताना दोन्ही मोडतात, एवढेच त्याचे कारण आजी सांगत असे.